औंधच्या यात्रेत वर आलेलं जहाज

"वात दक्षिणंला करायची न्हाई. कुनी काय बी सांगू दे. तू सोताच्या डोळ्यानं बगशील, तवाच फिरव. आन् पानी बी तूच दे. दुसऱ्याच्या हातनं नगं."

बनुबाईंनी मला हे सांगितलं त्याला सदतीस वर्षं झाली. बनुबाई म्हणजे माझ्या मालकांची आजी. त्या नव्वदीला टेकल्या होत्या, मी चोवीस वर्षांची होते. त्यांनी माझा हात निरांजनावर धरला आणि मला दोनदा हो म्हणायला लावलं. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. हातभर हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, नाकात नथ, अशा गेल्या. गावातल्या बायका ओटी भरायला ओळीनं आल्या होत्या.

तो दिवा त्यांच्या नवऱ्याचा, जोतिबांचा. आमच्यात गेलेल्या माणसासाठी वात दक्षिणेकडे करतात, ती यमाची दिशा. जोतिबांची वात पश्चिमेकडे असते, कारण समुद्र तिकडं. रोज तिन्हीसांज झाली की ती लावल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. लेकीच्या बाळंतपणाला फलटणला गेले तेव्हा निरांजन डब्यात घालून बरोबर नेलं होतं. जावई म्हणाले, "आई, आमच्याकडं दिवे हायत की." मी म्हटलं, असू देत.

जोतिबा तालमीतले. अंगानं भरलेले, पण उंचीला बोटभर कमी, म्हणून पलटणीच्या भरतीतून परत पाठवले गेले. घरी तोंड दाखवायला नको वाटलं असेल. तसेच मुंबईला गेले आणि बंदरात नाव लिहून सरकारच्या लढाऊ जहाजावर चढले, बॉयलरला कोळसा घालायला. पहिलं महायुद्ध चाललं होतं. घरी अठरा वर्षांच्या बनुबाई आणि मांडीवर माझे सासरे. १९१७ साली साताऱ्याच्या कचेरीतून कागद आला. 'थॉर्नबिल' जहाज पाणसुरुंग लागून बुडालं, जोतिबा सापडले नाहीत, एवढंच त्यात होतं. भाऊबंद पुढच्या तयारीला लागले. बनुबाई उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "आदी प्रेत दावा, मग चुडा फोडा." प्रेत कोण दाखवणार?

सहा वर्षांनी पौषात, औंधला यमाईच्या यात्रेत, त्यांनी नवऱ्याला पाहिलं.

रहिमान नावाचे सांगलीचे एक गृहस्थ तंबू घेऊन यात्रेला येत. मुका सिनेमा. हातानं मूठ फिरवून चालवायचं यंत्र, पुढं पांढरा पडदा. त्यात त्या वर्षी एक जहाज होतं. ते कलंडलं, बुडालं, आणि मग बनुबाईंच्या देखत पाण्यातून परत वर आलं, सरळ उभं राहिलं. जोतिबाही पाण्यातून वर आले, पायाकडून, आणि जहाजावर चढले. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि पुढं पासष्ट वर्षं सांगत राहिल्या. ओळखलं कसं, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तालमीच्या मातीत उतरताना मातीला हात लावून कपाळाला न् छातीला लावत्यात का न्हाई? तसं केलं त्येनं. लोखंडाला हात लावून. गोऱ्यांच्या बोटीवर आनि कोन करतंय तसं?"

माझे मालक हंबीरराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. "रीळ उलटी फिरली असंल. आजीला काय कळतंय मशिनीतलं." पण त्यांनीही कधी जोतिबांचं श्राद्ध घातलं नाही. त्यांच्या वडिलांनीही नाही. त्याला कारण होतं. पितृपंधरवड्यातल्या नवमीला आम्ही बनुबाईंची अविधवा नवमी करतो, नवऱ्यामागं न राहता अहेवपणी गेलेल्या बाईची. सवाष्ण जेवायला बोलवायची, तिला बांगड्या भरायच्या, हळदकुंकू लावायचं. नवरा गेल्याचं एकदा मान्य केलं, त्याला तिळाचं पाणी दिलं, की ती नवमी बंद करायची अशी आमच्या घरची रीत. म्हणजे जोतिबांना वाटेला लावलं की बनुबाईंचा चुडा गेला. दोन्ही एकदम राहत नाहीत.

म्हणून गेल्या श्रावणात सांगलीहून फोन आला तेव्हा आमच्या घरात कुणाला आनंद झाला नाही.

फोन रहिमानभाईंच्या नातवाचा, आसिफभाईंचा. त्यांचं मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. पुराचं पाणी दुकानात शिरलं होतं त्या वर्षी माळ्यावरचं सामान हलवताना एक पत्र्याचा डबा सापडला. वर खडूनं 'जहाज' लिहिलेलं. आजोबांचा तंबू लोणंदला जळाला, सगळ्या रिळा गेल्या, असं त्यांच्याही घरात धरून चालले होते. ही एक मात्र ते तंबूत ठेवतच नसत, घरी ठेवत. आसिफभाईंनी ती पुण्याला जुन्या चित्रपटांच्या संग्रहात दिली. तिथल्या लोकांनी तीन-चार वर्षं खपून ती साफ केली, तिची नक्कल करून पाठवली. डब्याबरोबर आजोबांची एक वही होती. त्या वहीत आमच्या गावाचं नाव होतं आणि 'बनुबाई, जोतिबाची' असं लिहिलं होतं.

"यायचं तर या ताई," आसिफभाई म्हणाले. "नाही आलात तरी माझं काही म्हणणं नाही."

हंबीरराव गुडघ्याला पट्टा बांधत बसले होते. म्हणाले, "काय करतीस बघून? म्हाताऱ्याला जाऊन शंभर वर्सं झाली."

"मी शब्द दिलाय."

"आन् बघितलं, न् दिसलं की मेला, मग? आजीला आता इधवा करनार व्हय? मेल्यावर?"

त्यांनी पट्टा घट्ट ओढला. थोड्या वेळानं म्हणाले, "मंगळवारी जाऊ नगं. तुजा उपास आसतो. तितं कुनी च्याबरुबर बिस्किट दिलं की तुजी पंचाईत."

मी मंगळवारीच गेले, कारण आसिफभाईंना तोच दिवस मोकळा होता. पहाटेच्या गाडीनं विटा, तिथून सांगली. दिवेलागणीच्या आत परत यायचं म्हणजे दोनची गाडी धरायला हवी, असं मी आल्या आल्या सांगून टाकलं.

आसिफभाई साठीच्या पुढचे, डोक्यावर विणलेली टोपी, बोलायला हळू. त्यांची मुलगी शाझिया कॉलेजात शिकवते. तिनं माझ्यापुढं केळी ठेवली. "काकी, उपास ना आज? अब्बा म्हणाले, जोगेश्वरी, यमाई, कुणाचा तरी असणार. विचारून ठेवायला हवं होतं."

"यमाईचा. केळं चालतं."

"मग बरं. मी साबुदाणा करणार होते, पण मला तो जमत नाही. गोळा होतो."

"जास्त भिजत असेल."

"तेच अम्मी म्हणते," ती हसली.

आसिफभाईंनी रिकामा डबा आणून दाखवला. रीळ पुण्यालाच थंड खोलीत ठेवलीय, ती घरात ठेवणं धोक्याचं, भडकन पेटते. मी डबा उघडला आणि मला देवघराची आठवण झाली. कापराचा वास होता. मी तसं म्हटलं. शाझिया म्हणाली, त्या काळच्या फिल्ममध्ये कापूर घालतच असत. मी डबा पुन्हा बंद केला.

मग आसिफभाईंनी पुण्याहून कळलेलं सांगितलं. थॉर्नबिल तीन धुराड्यांचं जहाज होतं. ते बुडालं तेव्हा शेजारच्या बोटीवर एक कॅमेरावाला होता. तो आला होता अधिकाऱ्यांच्या खेळांचं चित्र घ्यायला, गोणपाटाच्या शर्यती वगैरे. स्फोट झाला तेव्हा त्यानं तिवई तशीच वळवली. युद्ध संपेपर्यंत सरकारनं ते चित्र कुणाला दाखवू दिलं नाही, लोकांचा धीर सुटेल म्हणून. युद्ध संपल्यावर त्याच्या नकला विकायला निघाल्या. फिरत फिरत, तुकडे पडत पडत, एक नक्कल मुंबईच्या जुन्या बाजारात आली आणि रहिमानभाईंनी ती घेतली. इंग्रजी पाट्या त्यांनी कापून टाकल्या. कोण वाचणार? ते स्वतःच पडद्याशेजारी उभे राहून सांगत आणि पत्रा हलवून लाटांचा आवाज काढत.

"चार मिनिटांची आहे," आसिफभाई म्हणाले. "ताई, एक सांगू? संगणकावर ती उलटीही लावता येते. आजोबा लावायचे तशी. आधी ती लावू का?"

"नको," मी म्हटलं. "सरळ लावा."

शाझियानं पडदे ओढले.

करडं पाणी. त्यात तीन धुराडी तिरकी. आवाज काहीच नाही, रस्त्यावरच्या रिक्षांचा तेवढा येत होता. जहाज हळूहळू आडवं होत गेलं तशी माणसं कठड्यावरून बाहेरच्या अंगाला आली आणि त्या लोखंडी उतारावर चालू लागली. खूप माणसं. पळत कुणीच नव्हतं. ओळीनं बसून एक एक जण घसरत पाण्यात जात होता, घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसा. काहींच्या अंगात गंजीफ्रॉक, काही उघडे. मग डावीकडून एक बुटका माणूस आला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तो कडेला थांबला. वाकला, पायाखालच्या लोखंडाला उजवा हात लावला, तो कपाळाला लावला, छातीला लावला.

आमच्या घरात फोटो नाही त्यांचा. मी पहिल्यांदाच पाहत होते. हंबीररावांची मान अशीच बसकी आहे.

तेवढ्यात पडद्यावर एक तपकिरी डाग उठला, भोक पडल्यासारखा, आणि गेला. तोवर त्यांनी उडी टाकली होती.

पुढं जहाज पूर्ण वळलं. ज्या बाजूला ते पडले होते त्याच बाजूला वळलं. तो सगळा लोखंडाचा उतार पाण्यावर आडवा झाला आणि तिथलं पाणी दिसेनासं झालं. मग तेही खाली गेलं. पांढरा फेस राहिला. त्यात डोकी दिसत होती, एका होडीकडं सरकत होती. मी फडकं बांधलेलं डोकं शोधलं. पडदा काळा झाला.

"पुन्हा लावू?" शाझियानं विचारलं.

"एकदा."

दुसऱ्यांदा मी फक्त पाणी पाहिलं. फडकं वर आलं नाही.

"तो डाग कसला?" मी विचारलं. विचारायला तेवढंच सुचलं.

"तिथं फिल्म जळलीय," शाझिया म्हणाली. "दिव्यापुढं फिल्म थांबली की लगेच पेटते. पुण्याचे लोक म्हणाले, कुणीतरी नेमकी तिथं थांबवली असणार. त्यांना ते विचित्र वाटलं."

आसिफभाईंनी वही काढली. रहिमानभाई मराठी शाळेत शिकलेले. अक्षर मोठं, ओळीला धरून. त्यांनी गावोगावच्या खेळांच्या नोंदी ठेवल्या होत्या, कुठं वारा लागला, कुठं पडदा फाटला. आसिफभाईंनी खुणेची पानं काढून वाचली.

"औंध. खेळ झाल्यावर मूठ उलटी फिरवून रीळ परत गुंडाळीत होतो. दिव्यावर झाकण टाकायचे राहिले. जहाज पडद्यावर वर आले. लोक हसले, टाळ्या दिल्या. एक बाई उभी राहिली ती बसेना."

पुढच्या वर्षीचं पान. "औंध. ती बाई आली. सरळ दाखवून थांबलो तर म्हणाली, अजून हाय की, पुढचं दाखवा. मग उलटे दाखविले. ती उठून गेली. नाव बनुबाई, जोतिबाची."

मग प्रत्येक पौषात एकच ओळ. "औंध. बाई होती. सरळ, मग उलटे." अशा पाच ओळी.

त्यापुढचं पान त्यांनी माझ्याकडं दिलं. "हे तुम्हीच वाचा ताई."

मी वाचलं. जसं होतं तसं लिहिते.

"औंध. खेळ संपून लोक गेल्यावर बाई यंत्रापाशी आली. म्हणाली, ह्ये कसं चालतंय मला दावा. मूठ दाखविली. म्हणाली, मी फिरवू? दिली. तिने सरळ फिरविले. तो माणूस उडी टाकणार तेथे तिचा हात थांबला. मी ओरडलो, बाई थांबू नका, थांबले की जळते. तिने उलटे फिरविले. मागे गेला. पुन्हा सरळ. पुन्हा उलटे. असे चारदा. शेवटी सरळ फिरवून पाण्यापर्यंत नेले, सगळे बघितले. मूठ माझ्या हाती दिली. म्हणाली, रहिमानभाई, कुणाला सांगू नका. मी म्हटले, नाही सांगत. पुढल्या वर्षी ती आली नाही."

मी वही मिटली. शाझिया पडदे सारत होती.

"आजोबांनी सांगितलं नाही कुणाला," आसिफभाई म्हणाले. "माझ्या वडिलांनासुद्धा नाही. लिहून मात्र ठेवलं."

दोन वाजायला आले होते. आसिफभाई गाडीपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "मी तुम्हाला हे वाचायला द्यायला नको होतं का?"

मी म्हटलं, "बनुबाईंनीच मला बघ म्हणून सांगितलं होतं."

विट्यापर्यंत मला खिडकीची जागा मिळाली. बनुबाई मला आठवत होत्या त्या भाकरी करताना, देवळात, दिव्यापुढं. त्यानंतरही साठेक वर्षं त्यांनी ते जहाज घरी, शेजारी, कुणीही विचारील त्याला वर आणून दाखवलं. सांगताना कधी अडखळल्या नाहीत. फक्त मला एकटीला त्यांनी वर आलेल्या जहाजाची गोष्ट कधी सांगितली नव्हती, हे मला त्या गाडीत लक्षात आलं. मी ती त्या दुसऱ्यांना सांगताना ऐकली होती. मला त्यांनी दिवा दिला, आणि वात कधी फिरवायची ते सांगितलं.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं. हातपाय धुतले, निरांजन घासलं. हंबीरराव पडवीत बसले होते. मी वात पश्चिमेला करून लावली, कारण अजून पाणी दिलेलं नव्हतं. मग ते म्हणाले,

"बघितलंस?"

"बघितलं."

"वर आला?"

"न्हाई."

ते गुडघा चोळू लागले. "दिसत हुता कसा?"

"मानंनं तुमच्यासारखा. उडी टाकायच्या आदी लोखंडाला हात लावला. खरंच लावला."

"म्हंजे आजी तेवडं तरी खरं सांगत हुती."

"व्हय," मी म्हटलं.

बनुबाईंनी मूठ फिरवल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. रहिमानभाईंना त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, आणि मी ते त्यांच्याच वहीत वाचलं. इथं लिहिलंय, पण हंबीरराव माझं लिहिलेलं वाचत नाहीत, आणि बाकीच्यांना बनुबाई माहीत नाहीत.

भाद्रपद लागला. हंबीररावांनी एकदा विषय काढला. "नवमीचं काय करनार हायस? करायची, का बंद?"

"करायची. नवमी आदी येती, आवस मागनं."

"म्हंजे?"

"नवमीला त्या अहेव. आवसंला मी जोतिबास्नी पानी देनार. या वर्साला दोनी बसतंय."

"आन् पुढच्या वर्साला?"

"पुढच्या वर्साला नवमी न्हाई."

ते म्हणाले, "बायकांनी पानी द्यायचं आसतं का पर? मी जातो की. गुडगं धरून उतरंन पायऱ्या."

"मला सांगितलंय," मी म्हटलं.

नवमीला शेजारची सोनिया सवाष्ण म्हणून जेवायला आली. तिला हिरव्या बांगड्या भरायला कासाराकडं नेलं, त्यानं मनगट पाहून दोन कमी चढवल्या, मी म्हटलं, चढवा पूर्ण. दोन फुटल्या तेव्हा कुठं बसल्या. पुरण, कटाची आमटी, अळूच्या वड्या. बनुबाईंना वड्या आवडत. सोनियानं पोटभर खाल्लं आणि म्हणाली, "काकू, पुढच्या वर्साला बी मलाच बोलवा हं." मी तिची ओटी भरली. नारळ जरा मोठाच घेतला होता.

सहा दिवसांनी सर्वपित्री अमावस्या. आदल्या सांजेला मी वात पश्चिमेला लावली ती शेवटची. सकाळी उठून तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला, तो चुकवत नाही. निरांजन स्वच्छ करून नवीन वात घातली, तेल घातलं, आणि लावलं नाही. ते सांजेला, परत आल्यावर, कोनाड्यात दक्षिणेकडं तोंड करून लावायचं.

पिशवीत तांब्याचा गडू, कागदात काळे तीळ, दर्भ. माहुलीच्या संगमावर आज गर्दी असणार. कुणी विचारलं की बाई एकटी कशी, तर काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. मंत्र मला येत नाहीत. नाव येतं.

हंबीरराव अंथरुणात जागे होते. पाठ माझ्याकडं होती. माझ्या चपला उंबऱ्यापाशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या, त्या मी तशा ठेवल्या नव्हत्या.

मी कडी हळू लावली आणि साताऱ्याच्या गाडीसाठी फाट्याकडं चालू लागले.